तिहोमिरच्या डावीकडे झुकणाऱ्या बस

तिहोमिर रादेन्कोविच हा आमच्या बस कंपनीचा हवेचा मिस्त्री. मोठ्या बसच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांऐवजी हवेने भरलेले जाड रबरी फुगे असतात. बसचं वजन त्यांच्यावर तोललेलं असतं. ब्रेक हवेवर लागतात, दरवाजेही हवेवर उघडतात. ही सगळी हवा तिहोमिरच्या ताब्यात. इंजिनाकडे तो फारसा बघत नसे. "इंजिन ओरडून सांगतं काय दुखतंय ते," तो म्हणायचा. "हवा कुजबुजते. ती ऐकावी लागते."

आणि ऐकण्यात त्याचा हात धरणारा आमच्या झुपा भागात कुणी नव्हता. त्याच्याकडे हातभर लांबीची रबरी नळी होती. तिचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं टोक बसखालच्या एकेका जोडावरून हळूहळू फिरवायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. थोड्या वेळाने तो डोळे उघडून सांगायचा, "मागचा उजवा फुगा, वरच्या कडेला." फुगा सोडवून पाहिला की तिथेच चीर. दुसरे मिस्त्री जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतात. तिहोमिरला ते कमीपणाचं वाटे. साबण दाढीसाठी असतो, असं त्याचं ठाम मत होतं. आमचा ड्रायव्हर वेल्या तर शपथेवर सांगायचा, की आवाराच्या दुसऱ्या टोकाला कुणी बिअरची बाटली उघडली तरी तिहोमिर इकडे बसून ती कुठल्या कारखान्याची ते ओळखतो.

या कानाचा त्याला अभिमान होता, आणि त्याच्यासाठी त्याला भीतीही वाटायची. त्याचे वडील बॉयलरच्या कारखान्यात पत्र्यांवर रिबिटा ठोकत. पन्नाशीच्या आतच त्यांना ऐकू येईनासं झालं. मी त्यांना त्या दिवसांत पाहिलेलं आहे. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसून ते सगळ्यांच्या तोंडांकडे बघत आणि लोक हसले की जरा उशिराने हसत. सुरुवातीला घरचे त्यांच्याशी मोठ्याने बोलत. पुढे तेही थांबलं. तिहोमिरने हे रोज पाहिलं होतं. म्हणून तो वर्कशॉपमध्ये घण चालू झाला की कानांत कापूस घालायचा आणि लग्नाच्या वरातीत बँडच्या मागे कधी चालायचा नाही. लोक त्याला हसत. तो हसू द्यायचा.

आमच्या वर्कशॉपची एक पद्धत होती, ती इथे सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. बसच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना एकेक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला एक दांडी जोडलेली असते. बस खाली बसली की दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह फुग्यात हवा सोडतो. बस जास्त वर उचलली गेली की हवा काढून टाकतो. त्या दांडीची लांबी थोडीशी कमी-जास्त केली की त्या बाजूची उंची बदलते. दोन्ही बाजू सारख्या लावणं हे नाजूक काम. पुस्तकात त्याची मापं दिलेली आहेत आणि आमच्याकडे पट्ट्याही होत्या. पण शेवटचा शब्द ग्लासाचा. काम संपलं की मिस्त्री एका छोट्या ग्लासात राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, काठोकाठ भरायचा आणि तो बसमध्ये मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, दोन रांगांच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा. सगळे वाकून बघायचे. राकिया एका बाजूने ओसंडली तर पुन्हा दांडी फिरवायची. काठावर सगळीकडे सारखी थरथरत उभी राहिली, तर बस सरळ झाली असं समजायचं, आणि ज्याने ती सरळ केली त्याने तो ग्लास प्यायचा. जुन्या भाड्याच्या जागेत वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं, आणि आमच्या बस रस्त्यावर सरळच धावल्या.

त्या वसंतात कंपनीने बंद पडलेल्या द्राक्ष सहकारी संघाचा मोठा हॉल घेतला आणि आम्ही वर्कशॉप तिकडे हलवलं. दगडी भिंती, उंच छप्पर, उन्हाळ्यात गारवा. संचालिकाबाईंनी मिस्त्रींना आपापल्या जागा निवडायला सांगितलं. तिहोमिर सगळ्यांत जुना, त्यामुळे पहिला हक्क त्याचा. त्याने अगदी आतली, खिडकीजवळची जागा घेतली.

"तिथे बस नेताना मागे-पुढे करून जीव जाईल," गोय्को म्हणाला. गोय्को दुसरा मिस्त्री, तिहोमिरहून पंधराएक वर्षांनी लहान, कामाला चांगला आणि तोंडाने फटकळ. त्याने दाराजवळची जागा घेतली.

"पण इथे तुमचा कॉम्प्रेसर घरघरत नाही," तिहोमिर म्हणाला. "इथे ऐकू येतं."

जुलै लागला तेव्हा वेल्याने पहिली तक्रार आणली. त्याच्या बसचे मागचे दोन्ही व्हॉल्व्ह तिहोमिरने नुकतेच बदलले होते.

"मिस्त्री, माझी गाडी डावीकडे झुकते."

"ग्लास तर सरळ उभा होता. तू स्वतः पाहिलास."

"ग्लासाला घाला चुलीत. स्टँडवर एका बाईने कलिंगड खाली ठेवलं, ते गडगडत पार डावीकडे, माझ्या सीटमागे आलं. ती माझ्यावरच ओरडायला लागली, जसं काही मी फुंकर मारली."

बस परत हॉलमध्ये आणली, जागेवर उभी केली, ग्लास ठेवला. राकिया सगळीकडे सारखी. दुसऱ्या दिवशी वेल्या परत तसाच: बाहेर झुकते. पुढच्या आठवड्यात तिहोमिरने लावलेली दुसरी बसही डावीकडे झुकू लागली. मग तिसरी. गोय्कोच्या हातच्या बस मात्र सरळ धावत होत्या, आणि याची गोय्को दिवसातून एकदा तरी आठवण करून देत होता.

वर्कशॉपमध्ये एकच तर्क निघाला, आणि तो कुणालाही पटेल असाच होता. हॉलमध्ये सरळ, बाहेर वाकडी, म्हणजे वाटेत कुठेतरी डाव्या बाजूची हवा जाते. गळती आहे. आणि गळती तिहोमिरला सापडत नाही.

तो नळी घेऊन तासन्‌तास बसखाली पडून राही. अर्थात चासीखाली घोडे, म्हणजे लोखंडी टेकू, लावूनच. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली तो कधी गेला नाही आणि दुसऱ्याला जाऊ दिलं नाही. प्रत्येक जोड, प्रत्येक पाइप, दोन्ही फुगे. आवाज नाही. स्टँडवर बस झुकलेली असताना तो तिथेही गेला, प्रवाशांच्या पायांशी गुडघे टेकून चाकाच्या कमानीत नळी घातली. कबुतरं ऐकू आली, देवळाची घंटा ऐकू आली, हवा काही ऐकू आली नाही.

मग एका सकाळी गोय्कोने त्याच बसखाली साबणाचं पाणी लावलं आणि हाक मारली. "मिस्त्री, या, बघा जरा."

एका जोडावर बारीक बुडबुडा आला होता. फुटला, आणि बऱ्याच वेळाने दुसरा आला. तिहोमिरने नळी लावली, डोळे मिटले. त्याने नळी काढली आणि हात पुसत बाहेर गेला. गोय्कोने जोड घट्ट केला. बस तरीही झुकतच राहिली, पण आता त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांना जे बघायचं होतं ते दिसलं होतं: तिहोमिरला ऐकू आलं नाही.

त्या दुपारी तो माझ्या ऑफिसात आला. मी कंपनीचा हिशेब आणि कागदपत्रं सांभाळतो; आम्ही एकाच शाळेत होतो, त्यामुळे तो दार वाजवत नाही. खुर्चीवर बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "ओब्राद, तुझा हा पंखा आवाज करतो का?"

"करतो."

"कसला?"

"थोडा कुरकुरतो. तुला येत नाही का ऐकू?"

"येतो," तो म्हणाला. "म्हणजे मला वाटतं येतो. तू सांगितलंस म्हणून येतो की आधीपासून येत होता, ते कळत नाही."

मी कॉफी मागवली. त्याने ती थंड होईपर्यंत तशीच ठेवली. बायको दोब्रिला जेवताना काही बोलली की आपण मुद्दाम तोंड दुसरीकडे करतो, असं तो सांगू लागला, तिच्या तोंडाकडे न बघता कळतंय का ते पाहायला. कधी कळतं, कधी नाही. मग 'काय?' म्हणून विचारावं लागतं. "वडीलही आधी 'काय?' म्हणायचे," तो म्हणाला. "नंतर विचारायचे थांबले."

ऑगस्टच्या शेवटी संचालिकाबाईंनी मला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. प्रवाशांच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि ब्रेकही त्याच माणसाच्या हातात होते. क्रुशेवात्स शहरात कानाच्या डॉक्टरकडे तिहोमिर यांची तपासणी करून घ्या, त्या म्हणाल्या. कान ठीक नसतील तर निवृत्तीपर्यंत त्यांना फाटकावर बसवू. पगार तोच राहील.

मी तिहोमिरला हे सांगितलं तेव्हा त्याने पगाराबद्दल काही विचारलं नाही. त्याने फाटकाकडे पाहिलं. तिथे काचेची एक केबिन आहे, आत एक खुर्ची. माणूस आत बसलेला असतो, येणारे-जाणारे हात करतात, कुणी बोलायला थांबत नाही.

तपासणीचा दिवस सप्टेंबरात आला. अख्ख्या गावात भाजलेल्या मिरच्यांचा वास होता, अंगणाअंगणात चुली पेटलेल्या. दोब्रिला धुतलेला शर्ट हातावर घेऊन हॉलमध्ये आली. वेल्याच्याच बसने ती दोघं क्रुशेवात्सला जाणार होती. बस अजून तिहोमिरच्या जागेवर उभी होती. त्याने सकाळीच पुन्हा एकदा दांड्या लावल्या होत्या. ग्लास आत ठेवलेला होता, राकिया काठावर सगळीकडे सारखी. तिहोमिरने तो उचलला नव्हता.

"प्या की," वेल्या म्हणाला. "इथे सरळच असते ती. बाहेर पडली की बघा."

"नको," तिहोमिर म्हणाला, आणि हात धुवायला वळला.

दोब्रिला बसच्या डाव्या बाजूला, खांबापाशी जाऊन उभी राहिली आणि इकडेतिकडे बघू लागली. संघ बंद पडल्यापासून ती या हॉलमध्ये आली नव्हती. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती इथेच कामाला होती, हे मला ठाऊक होतं, पण त्याचा कधी विचार केला नव्हता.

"बाई, तिथे तेल सांडलंय, इकडे या," गोय्को म्हणाला.

"मी माझ्याच जागेवर उभी आहे," दोब्रिला म्हणाली. "याच खांबापाशी मी आणि स्ताना पिंपं धुवायचो. रोज सकाळी भांडण, वरच्या बाजूला कोण उभं राहणार म्हणून. खालच्या बाजूला उभं राहिलं की सगळ्यांच्या पिंपांचं पाणी आपल्या बुटात. हिवाळ्यात पाय असे बधिर व्हायचे, की घरी जाऊन चुलीत घातले तरी कळू नये."

मी म्हणालो, "वरची बाजू म्हणजे?"

"ही काय, खांबाची. आणि ती खालची, भिंतीची. तिथे गटार होतं ना, सगळं पाणी त्यात जायचं." ती बसच्या पलीकडे, उजव्या भिंतीकडे बघत होती. "बुजवलंत वाटतं."

"आम्ही आलो तेव्हा सपाटच होतं," गोय्को म्हणाला.

तिहोमिर हात धुता धुता थांबला होता. कोपरापर्यंत साबणाचा फेस तसाच. तो काही क्षण दोब्रिलाकडे बघत राहिला, मग तिच्या पायांखालच्या जमिनीकडे. मग गोय्कोच्या जागेवरून त्याची साबणाच्या पाण्याची बादली उचलून आणली आणि खांबापाशी, बायकोच्या बुटांच्या बाजूला, अख्खी ओतली.

"अरे, माझे बूट!" दोब्रिला ओरडली.

पाणी क्षणभर जागेवर राहिलं. मग भुशाचे कण घेऊन निघालं. घाई नाही, काही नाही, पण थांबलंही नाही. बसखालून गेलं, पलीकडच्या चाकाला वळसा घालून उजव्या भिंतीशी पोहोचलं आणि तिथे लांबच लांब ओळीत साचलं. गटार जिथे होतं अगदी तिथेच.

तिहोमिर पट्टी घेऊन वाकला आणि अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंतचं अंतर मोजलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. पुस्तकात सांगितलेलं माप हेच, जमिनीशी त्याला काही देणंघेणं नसतं. उजवीकडे दोन बोटं जास्त भरलं.

तो एका टायरवर बसला. "जमीन उजवीकडे उतरती," तो म्हणाला, "म्हणून ग्लास सरळ करायला मी उजवी बाजू उचलत राहिलो. इथे सरळ, बाहेर सपाट रस्त्यावर डावीकडे वाकडी. गळती कुठून असणार? गळती नव्हतीच रे. ऐकू काय येणार?" आणि तो हसू लागला. हसता हसता डोळे पुसायला गेला आणि साबण डोळ्यांत गेला.

"आणि तो बुडबुडा?" वेल्याने विचारलं.

"तो बुडबुडा मलाही ऐकू आला नव्हता," गोय्को म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तेवढा कुणालाच येणार नाही. तेवढ्या हवेने आठवड्यात पेपरची घडीसुद्धा हलणार नाही."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" तिहोमिरने विचारलं.

"तुम्ही साबणाला नावं ठेवता म्हणून."

तिहोमिरला राग आला होता, पण गोय्कोवर नाही. "आयुष्यभर मी लोकांना शिकवलं," तो म्हणाला, "गळणारी बस उभी असताना झोपते, चालताना नाही. चालताना कॉम्प्रेसर भरतच असतो. ही चालताना झुकत होती आणि उभी असताना आणखी खाली बसत नव्हती. कानाची भीती डोक्यात शिरली आणि डोकंच बंद पडलं." तो बादली गोय्कोच्या हातात देत म्हणाला, "घे. तुझा साबण शेवटी कामाला आला."

डॉक्टरची वेळ टळून चालली होती. तरीही तिहोमिर वेल्याच्या बसमध्ये तो भरलेला ग्लास हातात धरून चढला, एक थेंब न सांडता, आणि बस स्टँडवरच्या सपाट फरसबंदीवर नेऊन उभी करायला लावली. मीही गेलो. ऑफिसात माझ्यावाचून काही अडलं नसतं. त्याने घोडे लावले, दोन्ही दांड्या पट्टीच्या मापाने लावल्या, बाहेर आला आणि ग्लास बसमध्ये जमिनीवर ठेवला. क्रुशेवात्सचे प्रवासी पिशव्या घेऊन दारात ताटकळत होते. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "आता ड्रायव्हरच्या आधी जमिनीलाच पाजता का रे?"

राकिया काठावर उभी होती. सगळीकडे सारखी.

तिहोमिरने ग्लास उचलला आणि दोब्रिलापुढे धरला.

"मला कशाला? डॉक्टरकडे जायचंय. वास येईल."

"तपासणी माझी आहे. बस तू सरळ केलीस."

तिने एका दमात ग्लास संपवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "शर्ट बदल आता. आणि गेले दोन महिने मी बोलले की तोंड फिरवून बसत होतास, ते का ते वाटेत सांग. मला वाटलं मी काही तरी चुकले."

"ऐकू येतंय का ते बघत होतो."

"मग आलं का?"

"अर्धं अर्धं."

"अर्ध्याचं काय घेऊन बसलास? चाळीस वर्षं तेवढंच ऐकतोस." आणि तिने त्याचा दंड धरून त्याला बसमध्ये ढकललं.

डॉक्टरांनी कानांत यंत्रं घालून बऱ्याच शिट्ट्या ऐकवल्या. डाव्या कानाला अगदी बारीक शिट्ट्या थोड्या कमी ऐकू येतात, या वयात असं होतंच, दोन वर्षांनी पुन्हा या, असं त्यांनी लिहून दिलं. कामाला काही हरकत नाही. ती चिठ्ठी मी संचालिकाबाईंकडे नेली. त्यांनी वाचली आणि विचारलं, "मग फाटकावर कुणाला बसवायचं?" मी म्हणालो, अजून कुणालाच नको.

खिडकीजवळची जागा तिहोमिरने सोडली नाही. ऐकायला जागा उत्तम आहे, तो म्हणाला, फक्त मोजायला नाही. गळती तो तिथे शोधतो आणि उंची लावायला बस गोय्कोच्या जागेवर नेतो. भाडं म्हणून गोय्को अर्धा ग्लास मागतो. आता ग्लास आधी हॉलच्या जमिनीवर ठेवून बघतात आणि मगच बसमध्ये, म्हणजे प्रत्येक कामाला दोन ग्लास लागतात. ही सुधारणा सगळ्यांना मनापासून पटलेली आहे. साबणाची एक बाटलीही तिहोमिरच्या कपाटात आलेली मी पाहिली आहे. तिच्याबद्दल मी विचारत नाही.

डॉक्टरकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ऑफिसात आला, दार न वाजवता, आणि डोकं वर करून उभा राहिला.

"ओब्राद, हा पंखा बदल."

"का रे?"

"कुरकुरतोय. मधल्या बेअरिंगमधून. तू इतके दिवस याच्याखाली बसतोस तरी कसा?"

आणि खुर्ची ओढून, कॉफी गरम आहे का विचारत बसला.